निवांत भोजन आणि उभी गृहिणी

पेण आणि रोहा येथील सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवी टूम निघाली आहे. शनिवारी रात्री आठ-दहा स्नेह्यांस घरी बोलवावयाचे आणि त्यांच्यापुढे 'इटालियन पद्धतीचे निवांत जेवण' मांडावयाचे, अशी ती टूम. वरवर पाहता ती निरुपद्रवी आहे, आणि कोणाच्या जिव्हेच्या हौसेवर लेखणी उगारण्याची आम्हांस हौस नाही. परंतु या समारंभाच्या नावात जो 'निवांत' हा शब्द घातलेला असतो तो आम्हांस खोटा वाटतो. आणि खोटा शब्द घराघरांत रुळू लागला म्हणजे त्यास वेळीच हटकावे, हे आमच्यासारख्या आयुष्यभर शब्दांची उठाठेव करणाऱ्यांचे कर्तव्यच ठरते.

हा निवांतपणा सिद्ध कसा होतो ते पाहा. आठवडाभर आधी यादी होते. ऑलिव्हचे तेल, पार्मेजान चीज, बेसिलची पाने हे साहित्य मुंबईहून येणाऱ्या कोणाच्या तरी गळ्यात मारले जाते. ठरल्या रात्री दिवाणखान्यातले दिवे मंद होतात, गाणे लागते, पाहुणे लोडांस टेकतात आणि यजमान इटलीच्या हवापाण्यावर बोलू लागतात. त्याच वेळी आत स्वयंपाकघरात आधणाचे मोठे पातेले खदखदत असते आणि गृहिणी हातात चाळण घेऊन घड्याळाकडे पाहत उभी असते. पास्ता हा पदार्थ कोणासाठी थांबत नाही. निथळल्याबरोबर तो ताटात पडला पाहिजे. पाच-दहा मिनिटांचा उशीर झाला की त्याचा गोळा होतो. रिझोतो म्हणून जो भाताचा प्रकार आहे, तो तर अठरा-वीस मिनिटे पळीभर पळीभर गरम रस घालीत ढवळीतच राहावा लागतो. म्हणजे जे पदार्थ करणाऱ्याचे पाय शेगडीशी बांधून ठेवतात, नेमके तेच निवांतपणाच्या नावाने निवडले जातात! दहा पाहुण्यांचे तीन घाणे होईपर्यंत पहिल्यांचे जेवण आटोपलेले असते, आणि शेवटचा, थंड झालेला घाणा जिच्या वाट्याला येतो तिचे नाव सांगण्याची गरज नाही.

येथवर वाचून आमच्या काही स्वदेशाभिमानी वाचकांस आनंद झाला असेल. 'परक्यांचे अन्न घरात आणले की असेच व्हावयाचे' असे म्हणावयास ते सरसावले असतील. त्यांची निराशा करणे आम्हांस भाग आहे. अन्न परके आहे ही आमची तक्रारच नव्हे. याच जिल्ह्यातल्या चौल बंदरात लुदोविको दि वार्थेमा नावाचा इटालियन प्रवासी सोळाव्या शतकाच्या आरंभी येऊन गेला, आणि त्याचे प्रवासवर्णन १५१० साली रोम येथे छापले गेले. तेव्हा इटलीचे आणि आमचे दर्शन काही कालपरवाचे नाही. आमची मिरची, आमचा बटाटा, आमचा टोमॅटो ही सारी अमेरिकेहून आलेली मंडळी आहेत. इटलीचा टोमॅटोही तिकडूनच आलेला. त्याच्या रसाची कृती इटालियन पाकग्रंथात उमटली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. ज्याच्या आमटीत मिरची आहे त्याने पास्त्यास परका म्हणू नये.

आमचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्याच इतिहासाकडे वळले पाहिजे. परक्या अन्नाने महाराष्ट्रात पूर्वी मोठी खळबळ उडविलेली आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिचे सभासद गुप्तपणे जमत आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात, मुसलमानाने आणलेले पाणी पीत. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य माजले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. पावात किंवा चहात असे कोणते विष होते? काहीच नव्हते. तो पाव कोणी भाजला आणि तो पेला कोणाच्या हातून घेतला, यावर सारे रण होते. १९२७ साली याच जिल्ह्यात, महाड येथे, डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याची ओंजळ उचलली. तेथे तर पदार्थ म्हणजे केवळ पाणी. आणि समतानंद अनंत हरी गद्रे यांनी सहभोजने घडविली ती कशाची? झुणका-भाकरीची. पदार्थ जुनाच, घराघरांतला; पंगत मात्र नवी.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. जेवणातली सुधारणा ताटात काय वाढले आहे यावरून मोजली जात नाही. ताटावर कोण कोणाशेजारी बसले आहे आणि कोण उभे राहिले आहे, यावरून ती मोजली जाते. या मापाने आमच्या पेण-रोह्याच्या इटालियन रात्री मोजल्या तर काय दिसते? आजोबांच्या काळी पुरुषांची पंगत आधी बसे, स्त्रिया वाढीत, आणि उरलेसुरले मागाहून जेवीत. आज पाट गेले, मेज आले. वरण गेले, रस आला. पाहुण्या स्त्रिया पुरुषांबरोबर बसू लागल्या, हेही खरे. पण त्या घरची जी स्त्री आहे ती अद्याप उभीच आहे. बशी इटलीची, पंगत आजोबांचीच! पावाच्या एका तुकड्याने ज्यांनी आपले घरदार धोक्यात घातले त्यांच्या वारसांनी पास्त्याची परात रिचवून एक पाटही हलवू नये, याचे आम्हांस दुःख होते.

यावर तीन उत्तरे आम्हांस नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, 'ती हौसेने करते.' हौस असेलही. परंतु हौसेची परीक्षा सोपी आहे. ज्याची हौस त्यास बसून राहण्याची मुभा देऊन पाहावी. तरीही तो उठला तर ती हौस म्हणावी. मुभाच नसेल तर हौस हा शब्द वाढणाऱ्याचा नसून खाणाऱ्याचा आहे. दुसरे उत्तर असे की, 'आमच्याकडे कामाला बाई आहे.' म्हणजे घरच्या एका स्त्रीचा भार दुसऱ्या घरच्या स्त्रीवर टाकला, इतकेच झाले. रात्री अकरापर्यंत ती चिकट बशा घाशीत राहते, आणि तिच्या घरचे जेवण तोवर निवून जाते. त्या निवांतपणाचे भाडे तिने भरले. तिसरे उत्तर नव्या यजमानांचे: 'आता आम्ही पुरुषच रांधतो.' हे खरोखर स्तुत्य आहे, आणि त्याची थट्टा आम्ही करणार नाही. फक्त एवढेच विचारतो की, महिन्यातून एकदा रांधल्याची टाळी घेणाऱ्या या बल्लवाचार्यांनी वापरलेली सतरा पातेली दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या हाती लागतात?

आता ज्या इटलीच्या नावाने हे सारे चालते, त्या इटलीचे खरे शिक्षण काय आहे? इटली हे राज्य एक झाले १८६१ साली. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९१ साली, पेल्लेग्रीनो आर्तूसी नावाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने फ्लॉरेन्स येथे स्वखर्चाने एक पाकग्रंथ छापला, आणि तो पुढे घराघरांत गेला. हा गृहस्थ स्वतः पेशाने आचारी नव्हता. त्याच्या कृती त्याच्या घरच्या दोन स्वयंपाक्यांनी, मारिएत्ता सबातिनी आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली यांनी, करून पारखल्या होत्या. १९११ साली तो वारला तेव्हा ग्रंथाचे हक्क त्याने या दोघांच्याच नावे ठेविले होते. ज्याने खाल्ले आणि लिहिले, त्याने ज्यांनी रांधले त्यांचे ऋण असे फेडले. आमच्या मते इटलीकडून आयात करण्याजोगा पहिला जिन्नस हा आहे, आणि त्यास मुंबईहून आणविण्याचा खर्चही पडत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या बैठकीत युनेस्कोने इटालियन पाककलेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच बैठकीत आमच्या दिवाळीसही ते मिळाले. तो मान कोणत्या एका पदार्थास नव्हता. हंगामी जिन्नस, काही वाया न घालविण्याची दृष्टी, आणि मेजाभोवती सर्वांनी मिळून बसणे, या रीतीस तो होता. अर्थात इटलीचे घरही काही स्वर्ग नव्हे. तेथील आज्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या शेगडीपुढे उभ्यानेच आयुष्य काढले. परंतु दुसऱ्याचे घ्यावयाचे तर त्याचे गुण घ्यावेत. उभे राहण्याची कला आमच्याकडे मुबलक आहे, ती परदेशातून आणावयास नको.

आणि तेथील साधी माणसे खातात तरी काय? तस्कनी प्रांतातल्या लोकांस इतर इटालियन थट्टेने 'शेंगदाणेखाऊ' नव्हे, 'घेवडेखाऊ' म्हणतात. ते घेवड्याचे दाणे काचेच्या चंबूत घालून निखाऱ्यांच्या उबेवर ठेवून देत. रात्रभरात ते आपोआप शिजत. रोमकडे १ मे रोजी कोवळ्या बाकल्याच्या शेंगा सोलून मेंढीच्या चीजबरोबर कच्च्याच खातात. हे वाचताना पेण-रोह्याच्या माणसास काही आठवत नसेल तर त्याने आपली जीभ वैद्यास दाखवावी. कारण हेच आमच्या दारात मार्गशीर्षापासून माघापर्यंत चालते, आणि त्यास आम्ही पोपटी म्हणतो.

भात निघालेल्या शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या भरलेल्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ लावून, भांबुर्ड्याच्या पाल्याच्या थरांत मडक्यात भरतात. मध्ये बटाटे, रताळी, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पाला दाबून मडके पालथे घालावयाचे आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करावयाचा. अर्ध्या-पाऊण तासात सारे शिजते. आमचा मुद्दा चवीचा नाही, रचनेचा आहे. मडके एकदा पालथे पडले की त्यात कोणी पळी घालू शकत नाही. म्हणून ढवळणारा नाही. शेंगा केळीच्या पानावर ओतल्या की ज्याने त्याने आपल्या सोलावयाच्या. म्हणून वाढणारा नाही. सालींचे खत होते, पान गुरे खातात. म्हणून घासणाराही जवळजवळ नाही. उभे राहण्याची जागाच ज्यात ठेवलेली नाही, असे दुसरे जेवण आम्हांस ठाऊक नाही. दुर्दैव इतकेच की, शेतावरची पोपटी बहुधा पुरुषांचीच बैठक होऊन बसली, आणि आता तर ती पर्यटकांस पैसे घेऊन दाखविण्याचा प्रकार होऊ लागली आहे. ती घराच्या अंगणात, घरच्या स्त्रियांसह आली, तर निवांत भोजन या शब्दास प्रथमच अर्थ येईल.

मग इटालियन बेत करूच नये काय? अवश्य करावा. परंतु बेत पदार्थांचा न करता माणसांचा करावा. पहिला पाहुणा उंबऱ्यात आला की त्यानंतर शेगडी पेटवावी लागेल असा एकही पदार्थ निवडू नये. रात्री भिजवून सकाळी शिजविलेला घेवडा किंवा वाल, लसूण आणि तेल घालून संध्याकाळपर्यंत उत्तम मुरतो. ज्यास इटलीत फार्रो म्हणतात तो आमचा खपली गहूच; तो शिजवून, निथळून, भाज्या घालून गारच खावा. अलिबागचा पांढरा कांदा कच्चा खावयास कोणत्याही परदेशी कांद्याची बरोबरी करील. पास्त्याचाच आग्रह असेल तर दुपारी थर लावून भट्टीत भाजलेला करावा. पाव बेकरीतून आणावा. सारे मेजाच्या मध्ये मांडावे, ज्याने त्याने हाताने घ्यावे, आणि आग्रहाची आमची जुनी खोड त्या रात्रीपुरती खुंटीस टांगावी. ज्याने रांधले त्यास सर्वांत आधी बसवावे. भांडी कोण घासणार हे पाहुणे येण्यापूर्वीच ठरवावे. आणि तो रांधणारा नसावा, तसाच रात्रीपर्यंत ताटकळत ठेवलेला नोकरही नसावा. पाहुण्यांनी दोन बशा विसळल्या तर घराची अब्रू जात नाही. तस्कनीत जात नाही, पेणेतही जाऊ नये.

एवढे केल्यावर ते जेवण इटालियन झाले की कोकणी, याची चिकित्सा आम्ही आनंदाने सोडून देऊ. परंतु एवढे न करता जे यजमान पाहुण्यांस 'निवांत जेवणास' बोलावतील, त्यांनी निदान निमंत्रणात खरे लिहावे: जेवण निवांत आहे, फक्त बसणाऱ्यांसाठी.