साधन फुकट, पण पडदा कुठे आहे?

शिक्षणाची साधने ज्याच्या हाती, ज्ञानही त्याच्याच हाती, ही या देशाची जुनी रीत. ती मोडण्यासाठी महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार मिळावा, हेही ठणकावून सांगितले. आज कोपरच्या शिक्षिकेला आकृत्या काढण्याची, स्लाईड बनविण्याची साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. मग ती वापरायची कोणी? फक्त महागड्या इंग्रजी शाळांनीच काय?

डायग्राम्स डॉट नेट खाते न उघडता चालते. संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. लिब्रे ऑफिसचे इम्प्रेसही तसेच. कॅनव्हा शालेय शिक्षकांना ओळख पटवल्यावर मोफत मिळते. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहापासून २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले जाईपर्यंतचा प्रवास एका कालरेषेत मुलांपुढे उभा करता येतो. तयार नमुन्यांत हा इतिहास कोणी आयता घालून देणार नाही. तो आपल्याच शिक्षकांनी मांडला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळविला. सरकारी शाळेला नाक मुरडणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

पण फुकट म्हणजे आपले नव्हे! गूगलचा जॅमबोर्ड शिक्षकांच्या अंगवळणी पडला आणि २०२४ च्या अखेरीस कंपनीने तो बंद केला. म्हणून केलेले काम आपल्या संगणकावरही जपून ठेवावे. मुलांची नावे, फोटो कंपन्यांच्या हवाली करू नयेत.

आणि मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर चाळीस मुलांना धडा दिसत नाही. साधन फुकट असले तरी संगणक, प्रोजेक्टर, वीज फुकट नाही. हा खर्च शिक्षिकेने आपल्या पगारातून का करायचा? मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. मोफत म्हणजे निकृष्ट, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने आपल्या प्रत्येक शाळेत प्रोजेक्टर आणि चालू स्थितीतले संगणक द्यावेत, शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून सोडवून प्रशिक्षणाला वेळ द्यावा, अशी आमची मागणी आहे.

तोवर आपणही हातावर हात ठेवून बसू नये. संगणक शिकलेल्या आपल्या तरुणांनी रविवारी दोन तास बुद्धविहारात शिक्षकांसोबत बसावे. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले. शिकलेल्याने शिकविणे हे त्याचेच पुढचे पाऊल आहे.