४५ दिवसांचा कायदा, ३१ मार्चची धावपळ

मार्च २०२४ मध्ये सुरतच्या कापड बाजारात माल उलटा फिरू लागला. व्यापाऱ्यांनी छोट्या कारखानदारांकडून घेतलेले कापड परत पाठवले, दिलेल्या ऑर्डरी रद्द केल्या. मालात खोट नव्हती. भीती होती ती आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये आलेल्या ‘एच’ या नव्या खंडाची. २०२३-२४ च्या हिशेबाला तो पहिल्यांदाच लागणार होता.

नियम तसा सरळ आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करायचे. मुदत उलटली आणि ३१ मार्चलाही बाकी उभी असेल, तर त्या वर्षी ती खरेदी खर्चात धरली जात नाही. समजा बाकी ५० लाखांची आहे. तेवढी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि भागीदारी पेढीला ३० टक्के दराने १५ लाख कर पडतो, वर उपकर वेगळा. पुढे पैसे दिले की त्या वर्षी वजावट मिळते, पण तोवर खिशातून रोकड गेलेली असते. कापडाच्या धंद्यात तीन-चार महिन्यांची उधारी ही जुनी रीत, आणि सौदा बहुधा तोंडी. म्हणजे ४५ नव्हे, १५ दिवसच.

व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली, काही जण सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आले. तरतूद हलली नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ती कायम आहे.

हेतूबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. मोठ्या खरेदीदाराने लहान पुरवठादाराच्या पैशांवर बिनव्याजी धंदा करायचा आणि त्या लहान माणसाने मात्र बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरायचे, हा प्रकार कधीतरी थांबायलाच हवा. गंमत अशी की ४५ दिवसांची अट नवी नाहीच. ती २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातली आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही दर महिन्याला चक्रवाढ, व्याज द्यावे, असे तो कायदा सांगतो. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के! याच कायद्याखाली अशा तक्रारी ऐकणाऱ्या सुविधा परिषदेचा निवाडा मान्य नसेल, तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरल्याशिवाय न्यायालयात दाद मागता येत नाही.

एवढे धारदार हत्यार म्यानातच का राहते? इचलकरंजीत मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला विचारावे. ज्या पार्टीवर त्याचे माग चालतात, तिच्याविरुद्ध अर्ज करायचा म्हणजे उद्या मागावर चढवायचे सुताचे बीम कुठून यायचे? म्हणून माणूस थांबतो आणि थांबण्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते. राज्य वीज मंडळाला पुरवठा केलेल्या लघुउद्योजकांच्या जुन्या येण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले, की दाव्याची कायदेशीर मुदत उलटून गेलेल्या येण्यांवर परिषदेपुढे तडजोडीची बोलणी होऊ शकतात. लवादाचा रस्ता मात्र बंद.

आयकराची नवी तरतूद पुरवठादाराची ही अडचण सोडवत नाही, वळसा घालते. तक्रारीशिवाय खरेदीदाराला चाप बसतो, हे तिचे बळ. पण ती जागी होते वर्षातून एकदाच. एप्रिलमध्ये उचललेल्या मालाचे पैसे पुढच्या ३० मार्चला दिले, तर आयकर खाते काहीच विचारत नाही. विणकर अकरा महिने ताटकळला तरी वजावट पूर्ण मिळते. शिवाय मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापार करणारे या संरक्षणाच्या बाहेर. त्यामुळे लहान कारखानदाराला सोडून मध्यमाकडे ऑर्डर नेणे ही खरेदीदाराची सहज पळवाट ठरते. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० वरून १०० कोटींवर गेली. या पळवाटेचे तोंड त्याने अरुंद झाले, पण शंभर कोटींवाला आणि आठ मागांचा मालक एकाच रांगेत आले.

आणि सरकारी खाती? त्यांना आयकरच नाही, तर वजावट गेल्याची फिकीर कशाला! स्वतः बिले तुंबवणाऱ्यांनी खासगी पेढ्यांना पंधरा दिवसांची शिस्त शिकवावी, हे जरा अतीच झाले.

खरे तर उशिराची माहिती सरकारच्या दप्तरी आहेच. सूक्ष्म-लघु उद्योगांची ४५ दिवसांपुढची देणी कंपन्यांना २०१९ पासून ‘एमएसएमई-१’ या अर्जात दर सहामाहीला कळवावी लागतात, उशिराच्या कारणासकट. त्या आधारे सुविधा परिषदेनेच आपणहून नोटीस काढावी आणि व्याज वसूल करून द्यावे. पुरवठादाराला आपल्या गिऱ्हाइकाविरुद्ध सही करायला लावू नये. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागली, तर ती करावी. भागीदारी पेढ्या आणि एकट्या मालकाची दुकाने या अर्जाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी जीएसटीच्या विवरणपत्रात बिलाच्या तारखेशेजारी पैसे दिल्याची तारीख मागता येईल.