पुन्हा एकदा क्रोयर्स प्लाड्स



कोपनहेगनच्या क्रोयर्स प्लाड्सवरच्या नव्या घरांना गेल्या अंकातल्या पत्रलेखकांनी ‘गोदामांची नक्कल’ म्हणून निकालात काढलं आहे. मुलीकडे मुक्कामाला असताना तिथल्या धक्क्यावरून मी रोज फिरायला जात असे, म्हणून हे चार शब्द.

या भागाची, म्हणजे ख्रिस्तियान्सहाव्नची, कित्येक जुनी गोदामं धक्क्याला काटकोनात उभी आहेत. पाण्याकडे फक्त त्रिकोणी माथ्याची अरुंद भिंत. काहींच्या माथ्यावर माल वर खेचायची तुळई अजून दिसते. 2016 मध्ये पुऱ्या झालेल्या या तीन नव्या इमारती तशाच उभ्या आहेत, पाच मजली, उतरत्या छपरांच्या. पण छपरं सरळ नाहीत. कागद दुमडताना घडी चुकावी तशी तिरकी मोडलेली. नक्कल करणारा हा उद्योग कशाला करेल? शिवाय इमारतींच्या मधल्या फटीतून मागच्या रस्त्यावरच्या माणसालाही पाणी दिसतं. आधीचा उंच इमारतींचा बेत लोकांच्या विरोधामुळे बारगळला. मग कोबे आणि विल्हेल्म लॉरिट्सन या वास्तुरचना संस्थांनी शेजाऱ्यांशी बोलून हा आराखडा केला. पत्रात एवढं तरी यायला हवं होतं.

घरांच्या किमतींवरचा पत्रलेखकांचा राग मात्र मला मान्य. जिथे हमाल पोती वाहत, तिथे आता साध्या पगारदाराला खिडकीही परवडायची नाही. पण हा दोष जमिनीच्या भावाचा. छपराच्या माथी कशाला?

बाकी संध्याकाळी धक्क्याच्या कडेला, पाय पाण्यावर सोडून, कोणीही बसतं. आम्हीही बसायचो, थर्मासातला चहा घेऊन.

– एक वाचक, पुणे