वाट ठरविताना तराजू कुठे जातो?

कापडाच्या धंद्यात आपण पैशा-पैशाचा हिशेब ठेवतो. सुताचा भाव वाढला की त्याच दिवशी बाजारभर खबर होते. मीटरमागे पन्नास पैशांचा फरक पडला तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जाते. मात्र माल कोणत्या रस्त्याने आणि किती वाजता रवाना करायचा, याचा हिशेब फारच थोड्या पेढ्यांवर होतो. वडिलांच्या काळी माल त्याच रस्त्याने जात असे, ड्रायव्हरलाही तोच रस्ता ठाऊक आहे, बस्स. तेवढ्यावर वर्षानुवर्षे कारभार चालतो.

ही सवय किती महाग पडते, याचा एक चांगला दाखला लंडन शहरात मिळाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी तिकीट खिडक्या बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध दोन दिवसांचा संप केला. बरीच स्थानके बंद राहिली, काही चालू होती. रोज कामावर जाणाऱ्या असंख्य लोकांना नाइलाजाने दुसरी वाट धरावी लागली. तेथील प्रवासी 'ऑयस्टर' नावाचे कार्ड यंत्राला लावून आत-बाहेर करतात. त्यामुळे ते कार्ड कोठे आत गेले, कोठे बाहेर पडले आणि मधे किती वेळ लागला, याची नोंद आपोआप होते. शॉन लारकॉम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या तीन अर्थतज्ज्ञांनी संपाच्या आधीच्या व नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. त्यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

संप मिटल्यावर बहुतेक प्रवासी जुन्या वाटेवर परतले. परंतु शंभरातले सुमारे पाच जण परतलेच नाहीत. नवी वाट त्यांना अधिक सोयीची वाटली. ही वाट संपापूर्वीही होतीच, फक्त तिच्यावरून कधी जाऊन पाहिले नव्हते! संशोधकांच्या हिशेबाने, या थोड्या लोकांचा पुढे रोज वाचत गेलेला वेळ सर्वांच्या दोन दिवसांच्या खोळंब्याहून भारी भरतो.

असे का व्हावे? एक कारण नकाशाचे आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक यांनी आखला व १९३३ मध्ये तो प्रवाशांच्या हाती आला. समजायला सोपा, पण त्यातली अंतरे खरी नाहीत. जेथे नकाशा आणि जमीन यांत तफावत जास्त, तेथील लोकांनी वाट अधिक प्रमाणात बदलली. दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. काम भागण्याजोगी वाट सापडली की तो त्याहून चांगली वाट शोधणे सोडून देतो.

आता आपल्या बाजाराकडे पाहू. यंत्रमागाच्या गावांत दिवसभर तागे घडी होतात, गाठी बांधल्या जातात आणि संध्याकाळी सर्वांचा माल एकाच वेळी ट्रान्सपोर्टच्या गोदामाकडे निघतो. एकच रस्ता, एकच वेळ, मग कोंडी. हमालाची मजुरी नगावर ठरलेली, त्यामुळे टेम्पो अडकला की त्याचा तास फुकट जातो. ड्रायव्हर झोप मोडून रात्र काढतो. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी अंतरावर मोजली जाते. गल्लीत अडकलेले तास तिथे कोणी वजा करीत नाही. हा सारा खर्च शेवटी कापडाच्या भावात चढतो किंवा आपल्या नफ्यातून उतरतो.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये नकाशा आहे. खरे आहे. तो या घडीला मोकळा रस्ता दाखवितो. परंतु गाठी दुपारी तीनला निघाल्या असत्या तर काय झाले असते, हे तो आपण होऊन सांगत नाही. भरलेला टेम्पो कोणत्या वळणावर अडतो, याचीही त्याला नेहमी खबर नसते.

लंडनचे पंच्याण्णव जण जुन्या वाटेवरच राहिले, हेही विसरू नये. त्यांच्यापैकी पुष्कळांची जुनी वाटच बरोबर असेल. म्हणून वाट बदलाच, असा माझा आग्रह नाही. एकदा ती तोलून पाहा, एवढेच म्हणणे आहे.

त्यासाठी खर्च जवळपास नाही. प्रत्येक बाजाराच्या व्यापारी मंडळाने दोन आठवडे ठरवावेत. काही पेढ्यांनी माल दुपारी पाठवावा, काहींनी संध्याकाळी, काहींनी दुसऱ्या रस्त्याने. गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोहोचली आणि गोदामावर किती थांबली, एवढे तीन आकडे बिल्टीच्या मागे लिहावेत. पंधरवड्यानंतर सर्वांनी एकत्र बसून बेरीज करावी. दुपारी माल द्यायचा तर घडी-बांधणीचे काम सकाळी सुरू करावे लागेल, हमालांशीही बोलावे लागेल. ते अवघड आहे, अशक्य नाही.

आपण नगरपालिकेकडे रुंद रस्ता मागतो, उड्डाणपूल मागतो. जरूर मागावा. परंतु नुसत्या निवेदनापेक्षा तीनशे बिल्ट्यांचे आकडे टेबलावर ठेवले तर साहेबालाही उत्तर देणे भाग पडेल.