कोणाच्या हातचं?

नवरात्रातल्या सातव्या माळेच्या कार्यक्रमाला तुम्ही सगळे होताच, त्यामुळे देवीपुढे टांगलेला कडाकण्यांचा फुलोरा किती देखणा झाला होता ते वेगळं सांगत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या निरोपात लिहिलं होतं, ‘घरोघरी हाताने केलेल्या कडाकण्या आणा, लहानग्यांचाही हात लागू द्या.’ वाचून मला इतका आनंद झाला की त्याच रात्री मी रवा-मैदा काढून ठेवला. माझ्या लेकीला तीन वर्षं पुरी व्हायला दोन महिने आहेत. तिने तीन वस्तू केल्या: एक कडाकणी, एक फणी, एक वेणी. वेणीसाठी पिठाच्या तीन वळ्या करून त्या गुंफायच्या असतात. तिच्या दोनच झाल्या आणि त्याही मधोमध एकमेकींत मुरल्या. कडाकणीला दोरा ओवायला एक भोक पुरतं. तिने काडीने अकरा पाडली.

सभागृहात एका ताईंनी आमचा डबा हातात घेतला, लेकीच्या गालाला हात लावला, ‘कित्ती छान’ म्हणाल्या. अर्ध्या तासाने फोटोसाठी सगळे उभे राहिलो तेव्हा लेक मान वर करून फुलोरा न्याहाळत होती. एकेक कडाकणी बघून झाली आणि मग तिने विचारलं, ‘आई, माझी वेणी कुठाय?’

वेणी पडद्यामागच्या टेबलावर होती, कागदी कपांच्या चळतीशेजारी, डब्यातच. दोरासुद्धा ओवलेला नव्हता.

त्या वेळी मी गप्प बसले. सणाच्या दिवशी कशाला, असं वाटलं. पण घरी येताना गाडीत तिने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. फुलोऱ्यात लागलेल्या कडाकण्या कातणीने कापलेल्या, एकसारख्या काठाच्या, केशरी-हिरव्या रंगाच्या होत्या. जेवताना दोघी-तिघींनी सहज सांगितलं की कडाकण्या रात्री मुलं झोपल्यावर केल्या, कारण मुलं मध्ये आली की काही धड होत नाही. त्यांच्या मेहनतीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण मग निरोपात ‘लहानग्यांचा हात’ कशाला लिहायचं? ज्या वस्तूला पोराचा हात लागला तीच पडद्यामागे गेली, आणि जिला लागू दिला नाही ती देवीपुढे.

आमच्या घरी कडाकण्या केल्या त्या दिवशी काय झालं ते सांगते. एकटीने केल्या असत्या तर पीठ भिजवण्यापासून तळण्यापर्यंत तासाभराचं काम. तिच्याबरोबर सबंध दुपार गेली. जमिनीवर जुनी चादर अंथरली. गुळाचं पाणी तिने वाटीने ओतलं, निम्मं परातीत, निम्मं चादरीवर. मग तिने मूठ पिठात खुपसली आणि आवळली. बोटांच्या फटींतून पीठ वर आलं तशी ती थबकली, मूठ उघडून बघितली, पुन्हा आवळली. हे तिने किती वेळा केलं असेल! मी तोवर माझ्या कडाकण्या लाटत होते. तिला घाई नव्हती आणि वस्तू काय होणार याची चिंताही नव्हती. पीठ दाबलं की दबतं, ओढलं की तुटतं, पाणी जास्त झालं की चिकटतं, हे तिचं तिला कळत होतं. मी सांगून ते कळलं नसतं.

कढईतल्या तेलाजवळ एवढं लेकरू नको, म्हणून तिच्या वाटणीच्या कडाकण्या मी ओव्हनमध्ये भाजल्या, १६० अंशांवर वीस मिनिटं. आतला दिवा लावला आणि ती दोन हात लांब मांडी घालून काचेसमोर बसली. ऑक्टोबरातली इंग्लंडमधली दुपार, ढगांमुळे चार वाजताच अंधारून आलेलं, आणि त्या पिवळ्या उजेडात तिची वेणी हळूहळू बदामी होत होती. ‘आई, फुगली,’ ती कुजबुजत म्हणाली, जणू मोठ्याने बोललं तर बसेल.

कार्यक्रमात एका मावशींनी विचारलं, ‘भाजलेली कडाकणी देवीला चालते का गं?’ मलाही शंका आली, म्हणून रविवारी दौंडजवळच्या कुरकुंभला आईला फोन केला. आई म्हणाली, ‘अगं, देवीला काय करायचंय तळली का भाजली? लेकराच्या हातची हाय ना? मग झालं तर.’ फिरंगाई देवीच्या त्या गावात जिचा जन्म गेला, तिचं हे म्हणणं मला पुरेसं आहे.

माझ्या लहानपणी आमच्याकडे कडाकण्यांच्या दिवशी शेजारच्या बायका पोळपाट घेऊन यायच्या. पोरांचा गोळा वेगळा काढून दिला जायचा. दुपारपर्यंत तो गोळा काळा व्हायचा, कारण तो ओट्यावर, अंगणात, कुठेकुठे जाऊन आलेला असायचा. आई तोही शेवटच्या घाण्यात तळायची आणि घटावर बांधायची, इतरांच्या बरोबरीने. त्या गोळ्यातून केलेले आमचे ओबडधोबड पक्षी दसऱ्यापर्यंत देवीसमोर हलत असायचे आणि आल्या-गेल्याला आम्ही ते दाखवायचो. कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीच्या नानकटाईचंही तेच. घरी ओव्हन नव्हता, तसा तेव्हा आमच्या आळीत कोणाकडेच नव्हता. आई तूप, पिठीसाखर, मैदा, बेसन डब्यांत भरून दौंडला एका बेकरीत न्यायची. रेल्वेखालच्या मोरीतून पलीकडे गेलं की थोड्या वेळात पावाचा वास यायचा. पाव भाजून भट्टी रिकामी झाली की बायकांचे नंबर लागायचे. तूप-साखर फेसून हात दुखेपर्यंत बसायचं, गोळे करून पत्र्यावर मांडायचे. गोळ्याच्या मधोमध अंगठा दाबण्याचं काम माझं. भट्टीतून एकापाठोपाठ पत्रे बाहेर यायचे, सगळ्यांची नानकटाई दिसायला सारखीच. आई वाकून बघायची आणि म्हणायची, ‘हा आमचा. हे बघा पोरीचं बोट.’ माझ्या वाकड्या अंगठ्यावरून आमचा पत्रा ओळखू यायचा. इथे तोच वाकडा अंगठा दिसला म्हणून वस्तू बाजूला काढली जाते, हे मला सोसत नाही.

आपण इथे आलो, वेळ नाही, मदतीला माणूस नाही, हे सगळं मला मान्य आहे. मीही आठवड्यातून तीन दिवस कामावर जाते. पण परदेशात लहान मूल घेऊन आलेली पहिली मराठी आई काही आपल्यातली नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या तेव्हा त्यांची लेक मनोरमा दोन वर्षांची होती. नवरा वारलेला, आणि प्रवासाला हातभार ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्याच पुस्तकाच्या विक्रीचा. त्या उतरल्या वाँटेजला. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की ते वाँटेज आपल्या डिडकॉटहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे? मी लेकीला घेऊन गेले होते तिथे. आणि त्यांनी पुढे मुक्तिसदन उभारलं ते केडगाव आमच्या दौंड तालुक्यातलं, रेल्वेने जाताना लागणारं. या दोन गावांच्या मध्ये माझं आयुष्य आहे असं मला कधीकधी वाटतं.

१८८६ साली रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत राहून फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकल्या. आपल्याकडच्या बायकांनी ही शिकवावी असं त्यांच्या मनात होतं. फ्रोबेलने जर्मनीत १८३७ साली लहान मुलांसाठीचं आपलं काम सुरू केलं. अगदी लहान मुलासाठी त्याने ठरवलेलं पहिलं खेळणं काय होतं? लोकरीचे सहा रंगांचे सहा मऊ चेंडू, दोऱ्याला बांधलेले. आपल्या आज्या पाळण्यावर टांगायच्या तसेच. पुढे कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण, माती. म्हणजे हाताला काम. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हेच आदिवासी मुलांबरोबर केलं, बिया, पानं, शिंपले, खडे घेऊन. विकतचं साहित्य परवडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्याची गरज पडली नाही.

आणि आपण काय करतो? मंडळाच्या बालमेळाव्यात खोक्यातून आलेले हस्तकलेचे संच वाटतो. आकाश आधीच निळं छापलेलं, मोर आधीच कापलेला, मागे चिकटपट्टी. मुलाने फक्त सोलायचं आणि खुणेवर लावायचं. दोन वर्षांच्या मुलाला सोलता येत नाही, म्हणून आई सोलते. खुणेवर लागत नाही, म्हणून आई त्याचा हात धरून लावते. मग शेवटी मुलाच्या हातात काय राहिलं? फोटोत धरायचा मोर.

आपण सगळे एका गोष्टीचं दुःख करतो, मुलं मराठी बोलत नाहीत. रविवारच्या शाळेत चित्रांचे पत्ते दाखवून शब्द घोकून घेतो. माझ्या लेकीला ‘मळ’, ‘थाप’, ‘लाट’, ‘चूर’, ‘वळ’ हे शब्द कोणी शिकवले नाहीत. पीठ हातात असताना मी बोलत होते, तिने उचलले. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा. हाताच्या मापांचे हे शब्द पत्त्यावर कसे दाखवणार? परवा तिने न्हाणीघरात दोन्ही हात जोडून पाणी धरलं आणि म्हणाली, ‘आई, ओंजळ.’ सबंध वर्षात मला झालेला सगळ्यात मोठा आनंद तो. इंग्रजी पाळणाघरात दिवसाचे सात तास घालवणाऱ्या मुलीच्या तोंडी हा शब्द राहिला, कारण तो तिच्या हातात होता.

केकविषयी थोडं बोलते, कारण तो विषय निघाला की सगळेच हिरिरीने बोलतात. वाढदिवसाला साखरेच्या लगद्याने मढवलेला, बाहुली बसवलेला केक मागवणं वाईट असं मी म्हणणार नाही. आम्हीही एकदा मागवला होता. पण दुसऱ्या वाढदिवसाला आम्ही रव्याचा केक घरी केला, रवा दह्यात भिजवून. तिने वरून मनुका टाकल्या, सगळ्या एकाच कोपऱ्यात. तो कोपरा कोणी खायचा यावरून पोरांत भांडण झालं. साखर, रंग, खर्च हे मुद्दे आहेतच, पण ते पुन्हा कधीतरी. आणि बाबा लोकांबद्दलही पुन्हा कधीतरी. एवढंच म्हणते की पिठाचे हात धुवून देण्याचं काम तरी त्यांनी अंगावर घ्यावं. आमच्या घरी घेतात.

लहानग्या हाताची अशीच एक खूण आमच्या घरी आहे. आईने लेकीच्या जन्माला गोधडी पाठवली होती, माझ्या आजीच्या जुन्या लुगड्यांची. तिच्या एका कडेला टाके मोठाले आणि तिरपे आहेत. भाच्याने, तेव्हा पाच वर्षांच्या, बसून घातलेले. आईने ते उसवले नाहीत. लेक झोपताना ती कड शोधते आणि त्या मोठ्या टाक्यांत बोट अडकवून झोपते.

इतकं लिहून झाल्यावर जाणवतं की मी उपदेश करायला लागले आहे. मला कोणाला दुखवायचं नाही. त्या दिवशी सकाळी सातपासून सभागृहात राबणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत, खुर्च्या लावण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. आमचा डबा मुद्दाम कोणी मागे टाकला नसेल. घाईत, सगळं नीट दिसावं या मायेपोटीच झालं असेल. ज्या घरात दोन लहान मुलं आहेत, दोघांची पूर्ण वेळ नोकरी आहे, तिथे सबंध दुपार जमिनीवर चादर अंथरून बसा असं सांगण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना माझं बोलणं लागलं असेल त्यांची मनापासून क्षमा मागते. तरीही समितीकडे एक मागणं आहे. पुढच्या वर्षी फुलोरा बांधाल तेव्हा खालची एक दोरी मुलांसाठी ठेवा. मोठ्यांनी हात न लावलेलं जे काही येईल ते त्या दोरीवर, जसं असेल तसं, आणि मुलांना हात उंचावून दाखवता येईल एवढ्या उंचीवर. पीठ भिजवायला जागा नसेल त्यांनी आमच्याकडे यावं. परात मोठी आहे, चादर आहे, दौंडच्या बाजारातून आणलेली भातुकलीची चार पोळपाट-लाटणी आहेत. फक्त मुलांसमोर शेंगदाणे-काजू अख्खे ठेवू नका, एवढ्या लहान मुलांच्या घशात अडकतात. कूट चालेल.

त्या रात्री घरी आल्यावर वेणीला मीच दोरा ओवला आणि आमच्या देव्हाऱ्यावर बांधली. दसऱ्याला फुलोरा उतरवायचा असतो म्हणून लेकीने ती स्वतः उतरवली आणि तुकडे केले. एक बाबाला, एक मला, एक शेजारच्या आजोबांना. सगळ्यात मोठा तुकडा तिने डब्यात ठेवला आहे. तो कुरकुंभच्या आजीचा. डिसेंबरात जाऊ तेव्हा न्यायचा, असं तिने ठरवलंय आणि रोज सकाळी झाकण उघडून तो आहे ना ते बघते.