पेटंट 'पब्लिश' झालं, पेढे वाटा!

दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लालबागला आम्ही राहत असताना शेजारच्या खोलीत असणाऱ्यांचा मुलगा गिरगावातल्या घरी आला, हातात पेढ्यांचा पुडा. मुलगा हुशार. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. "काका, पेटंट झालं!" मी विचारलं, "मिळालं की पब्लिश झालं?" तो म्हणाला, "पब्लिश झालं म्हणजे झालंच ना काका. कॉलेजने बॅनर लावलाय. पेपरातही आलंय."

सौ.ने त्याला चहा दिला, मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. आनंदावर विरजण कशाला घाला, असा विचार केला. तेव्हा गप्प बसलो ही माझी चूक, आणि हा लेख म्हणजे त्या चुकीची थोडीफार भरपाई.

परवा तोच मुलगा पुन्हा आला. या वेळी पेढे नव्हते, प्रिंटआउट होती. पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, म्हणजे ज्याला सगळे एफईआर म्हणतात तो. त्यात अर्जावरचे आक्षेप एकाखाली एक मांडलेले. मुलगा चिडलेला. "काका, आपल्याकडे काही नवीन करूच देत नाहीत. परदेशात असतो तर..."

हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. नोकरीत असताना कंपनीचे अर्ज घेऊन मी स्वतः लोअर परळच्या सन मिल कंपाउंडमध्ये, टोडी इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर खेटे घातले आहेत. पेटंट ऑफिस तेव्हा तिथे होतं. आता ते अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, आणि खेटे घालायची फारशी गरजही उरलेली नाही, सगळं ऑनलाइन. ऑफिस हललं, कायदा बदलला, पण हे वाक्य मात्र जिथल्या तिथे आहे. म्हणून म्हटलं, एकदा याचा नीट समाचार घेऊ.

आधी त्याचा शोध काय ते सांगतो. सुपरकपॅसिटर. साध्या पंख्याच्या कपॅसिटरपेक्षा कितीतरी जास्त विद्युतभार साठवणारा, पण एका सेलला साधारण २.७ व्होल्टच सोसणारा. जास्त व्होल्ट हवे असतील तर सेल एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये लावायचे. याने लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या सेलवर प्रयोग करून अनेक सेलचा एकच कपॅसिटर बनवला.

आता आक्षेप. पहिला, यात नवीन काय? दुसरा, पेटंट कायद्याचं कलम ३(एफ). हे कलम सांगतं की माहितीतल्याच वस्तू, ज्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे आणि माहितीतल्याच पद्धतीने चालतात, त्यांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती म्हणजे शोध नव्हे.

मुलाला हे अपमानास्पद वाटलं. मला विचाराल तर प्रश्न अगदी रास्त आहे. लायडन जार हा पहिला कपॅसिटर १७४५-४६ चा. त्यानंतर दोनचार वर्षांतच बेंजामिन फ्रँकलिनने असे अनेक जार एकत्र जोडले आणि त्या जोडणीला 'बॅटरी' हे नाव दिलं. म्हणजे 'अनेक सेलचा कपॅसिटर' ही कल्पना पावणेतीनशे वर्षांची आहे! सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड वापरणाऱ्या कपॅसिटरचं अमेरिकन पेटंटसुद्धा १९५७ चं आहे, जनरल इलेक्ट्रिकचं. मग तपासनिसाने "यात नवीन काय" हे विचारायचं नाही तर काय विचारायचं?

गणित पण बघा. १०० फॅरडचा, २.७ व्होल्टचा एक सेल घेतला तर त्यात साधारण ३६५ ज्यूल ऊर्जा मावते. असे सहा सिरीजमध्ये लावले की व्होल्ट होतात १६.२, पण फॅरड उरतात फक्त १६.७. एकूण ऊर्जा २१८७ ज्यूल, म्हणजे बरोबर सहापट. एक ज्यूलही जास्त नाही. (आणि ही सगळी ऊर्जा रिमोटमधल्या एका चांगल्या पेन्सिल सेलच्या पाव हिश्श्याइतकीही नाही, पण ते असो.) सहा जण एकत्र आले आणि सहा जणांचंच काम झालं, यात शोध कुठला? कलम ३(एफ) नेमकं हेच विचारतं.

पण म्हणून त्या मुलाने काहीच केलं नाही असंही नाही, आणि माझा खरा राग इथून सुरू होतो.

सेल सिरीजमध्ये लावले की एक जुनं दुखणं उद्भवतं. सगळे सेल छापील किमतीप्रमाणे तंतोतंत नसतात. सहातला एक १०० ऐवजी ८० फॅरडचा निघाला असं धरा. सिरीजमध्ये प्रत्येकात भार मात्र सारखाच जातो. इराण्याकडे एक पेला लहान असावा आणि पोऱ्याने सगळ्यांत मापून सारखाच चहा ओतावा, तसं. लहान पेला आधी भरतो आणि सांडतो. आपल्या उदाहरणात पाच सेलवर २.६ च्या आसपास व्होल्ट येतात आणि त्या दुबळ्या सेलवर ३.२४. म्हणजे मर्यादेच्या बाहेर. तो तापतो, अजून दुबळा होतो, आणि शेवटी सगळी माळ घेऊन जातो. म्हणून प्रत्येक सेलला समतोल राखणारं सर्किट लावावं लागतं.

या पठ्ठ्याने काय केलं, तर दोन शेजारच्या सेलमधल्या सामाईक पत्र्यावरच जादा भार वाहून नेणारी वाट बसवली. सेल तापला की पत्रा तापतो, पत्रा तापला की वाटेचा रोध कमी होतो आणि जादा भार आपोआप निघून जातो. वेगळं सर्किट नाही. शेजाऱ्याला ताप आला की आपल्याला भिंतीतून कळावं, तसं. इथे सेल एकमेकांपासून स्वतंत्रपणे चालत नाहीत, एकाची अवस्था दुसऱ्यावर परिणाम करते. म्हणजे ३(एफ) ला उत्तर आहे, आणि चांगलं उत्तर आहे!

मग हे अर्जात कुठे होतं? चौथ्या दाव्यात. दोन ओळी. पहिला दावा काय होता माहीत आहे? थोडक्यात सांगायचं तर "अनेक सेल असलेला कपॅसिटर". फ्रँकलिनचा! आणि त्याने महिनोन्महिने घेतलेल्या तापमानाच्या नोंदी? "त्या वहीत आहेत काका. अर्ज भरायची घाई होती, मार्चच्या आत आकडा दाखवायचा होता."

मंडळी, घाई कसली ते समजून घ्या. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून पेटंटच्या फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. अर्जाचे १६०० रुपये, आणि लवकर प्रसिद्ध करा अशा विनंतीचे २५००. एकूण ४१०० रुपयांत अर्ज महिन्या-दोन महिन्यांत शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये येतो. झालं 'पेटंट पब्लिश'! एनआयआरएफच्या क्रमवारीत मंजूर पेटंटबरोबर नुसत्या प्रसिद्ध झालेल्या अर्जांनाही गुण धरले गेले आहेत. बॅनर, बातमी, सत्कार. तपासणीच्या विनंतीला आणखी ४००० लागतात, ते देण्याची गरज कुणाला वाटत नाही. या मुलाने ते स्वतःच्या खिशातून भरले, म्हणून निदान हा अहवाल तरी आला.

'प्रसिद्ध' या शब्दाने आपला घोळ होतो त्याला इतिहासही आहे. २००३ पर्यंत आपल्याकडे प्रत्येक अर्जाची तपासणी व्हायची, आणि तपासून स्वीकारलेला अर्जच जाहीर व्हायचा. तेव्हा 'जाहीर झालं' म्हणजे निदान सरकारी माणसाने वाचून ठीक म्हटलंय एवढा अर्थ होता. २० मे २००३ पासून हे उलटं झालं. आता अर्ज अठरा महिन्यांनी (किंवा पैसे भरून आधी) आपोआप प्रसिद्ध होतो आणि तपासणी नंतर, तीही विनंती केली तर. कायदा बदलला, आपल्या पेढ्यांची वेळ तेवढी बदलली नाही.

आणखी एक सोंग म्हणजे 'यूके डिझाइन पेटंट'. ती वस्तूच्या दिसण्याची नोंदणी असते, आणि ती देताना तिथे नावीन्य तपासतच नाहीत. कपॅसिटरचा डबा कसा दिसतो याची नोंद झाली, आत काय चालतं याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी प्राध्यापकांच्या परिचयपत्रात ती 'आंतरराष्ट्रीय पेटंट' म्हणून मिरवते.

आता यात नुकसान कुणाचं? कॉलेजचं तर नाही. कॉलेजने मुलाला सांगितलं, "पब्लिश झालंय ना, आपलं काम झालं. अहवालाला उत्तर वगैरे राहू दे." उत्तर द्यायला सहा महिने असतात. मुदतीत उत्तर नाही, मुदतवाढही नाही मागितली, तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरतो. मग पुन्हा नवा अर्ज करावा म्हटलं तर तुमचाच प्रसिद्ध झालेला अर्ज तुमच्या आड येतो, कारण ती गोष्ट आता जगजाहीर आहे. म्हणजे मुलाने आपली युक्ती जगाला फुकट वाटली, बदल्यात कॉलेजला गुण मिळाले आणि त्याला पेढ्यांचं बिल. आणि वर शिव्या कुणाला? पेटंट ऑफिसला!

"परदेशात असतो तर" याबद्दलही बोलून टाकतो. अमेरिकेत ईस्टॉर नावाच्या कंपनीला २००६ मध्ये पेटंट मिळालं. एकतीस हजारांहून अधिक घटक समांतर जोडून, ३५०० व्होल्टवर, ५२ युनिट वीज साठवणारा कपॅसिटर. गाडी त्यावर पळणार होती. कॅनडातल्या झेन मोटर कंपनीने त्या आशेवर पैसे गुंतवले. तो कपॅसिटर बसवलेली एकही गाडी कधी रस्त्यावर आली नाही. पेटंट मात्र खरं होतं! मंजुरीचा शिक्का म्हणजे वस्तू चालते याची हमी नव्हे. आपल्याकडे तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात, भांडी लेथवर पकडण्याच्या एका रीतीचं दिलेलं पेटंट रद्द ठरवताना स्पष्ट केलं की पेटंट मंजूर झालं म्हणजे ते वैध आहे असं नाही, आणि कारागिराची नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

आपल्याच मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे परदेशात गेले, आणि टाइप ओतण्याच्या यंत्रासारख्या आपल्या शोधांची पेटंट त्यांनी तिथे घेतली. आपण त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणून भाषणात आणतो. त्यांनी बॅनर लावून पेटंट मिळवली नाहीत एवढं तरी लक्षात ठेवावं.

पेटंट ऑफिसला मी सोवळं मानतो असं समजू नका. त्या अहवालात ३(एफ) चा आक्षेप एका ओळीत होता. कलम लिहिलं, "म्हणून पात्र नाही" लिहिलं, संपलं. कोणते सेल कसे स्वतंत्र चालतात, चौथ्या दाव्याचं काय, यावर अक्षर नाही. हे मला मान्य नाही. नाकारायचा अधिकार असणाऱ्याने कारण लिहायलाच हवं, नाहीतर अर्जदार शिकणार काय? आणि आकड्यांचं वेड तिकडेही पोचलं आहे. २०२३-२४ च्या बारा महिन्यांत एक लाखाहून जास्त पेटंट मंजूर झाल्याचं सरकारने अभिमानाने सांगितलं, त्याआधीच्या वर्षी चौतीस हजारांच्या आसपास होती. एका वर्षात देशाची बुद्धी तिप्पट झाली का? साठलेल्या अर्जांचा निपटारा झाला असेल तर चांगलंच आहे, पण निपटाऱ्याचा वेग हे काही तपासणीचं माप नाही.

तरीही मी तपासनिसाच्या बाजूने उभा राहीन. कारण त्या मुलाचा अर्ज कॉलेजात कुणीही वाचला नव्हता. प्राचार्यांनी नाही, पेपरवाल्यांनी नाही, पेढे खाणाऱ्या माझ्यासारख्यांनीही नाही. पहिल्यांदा तो वाचला अँटॉप हिलच्या त्या अनोळखी माणसाने, आणि विचारलं, "यात नवीन काय?"

तीन रविवार आम्ही बसलो. चौथा दावा पहिल्यात आणला, कायदा एवढं आकुंचन करू देतो. वहीतल्या नोंदींतून अर्जात नवा मजकूर घालायची सोय मात्र आता नाही. ते नुकसान झालं ते झालं. उत्तर तयार आहे. अर्जदार कॉलेज असल्यामुळे सही कॉलेजची लागते, आणि त्यासाठी मुलाचे दोन हेलपाटे झाले आहेत. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मुदत संपायला पाच आठवडे आहेत.

काल फोन आला होता. "काका, समजा सही मिळाली, सुनावणी झाली, आणि तरी नाकारलं तर?"

मी म्हटलं, "नाकारू दे रे. कारण लिहून घे. पण या वेळी पेढे मात्र निकाल लागल्याशिवाय आणू नकोस."