ताटावरचे टोमणे

सुशिक्षित घरांत मुलांवर हात उगारणे आता कमीपणाचे मानले जाते, हे चांगलेच झाले. पण हात आवरला म्हणून जीभही आवरली गेली काय? ‘खा अजून, दारातून आत मावणार नाहीस’, ‘मावशीची मुलगी बघ, नाहीतर तू’, ‘हेच दिवे लावायला शिकवतोय का तुला?’ अशी वाक्ये सभ्य, शिस्तप्रिय कुटुंबांतही सहज उच्चारली जातात. त्यांना कधी थट्टा म्हणतात, कधी वळण लावणे. आणि ती उच्चारण्याची हक्काची वेळ म्हणजे जेवणाची, कारण तेव्हाच सारे घर एकत्र बसलेले असते.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. अपमान आणि इतरांशी तुलना यांची नोंद त्यात भावनिक छळ म्हणून केली आहे. दर दोन मुलांमागे एकाने असा छळ सोसल्याचे सांगितले. मुलगे व मुली यांचे प्रमाण सारखेच होते. ८३ टक्के प्रकरणांत छळ करणारे आई-वडीलच होते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने हा आकडा दोनदा वाचावा.

आठ वर्षांच्या मुलाला आई-वडील चुकत आहेत, असा विचार करता येत नाही. ‘मीच वाईट’ एवढाच अर्थ ते काढते. पुढे बोलणारे गप्प झाले, तरी तोच आवाज आतून बोलत राहतो. मग स्वभाव तसा घडत जातो: सतत स्वतःला दोष देणे, शंभरात नव्वद मिळाले तर दहाची टोचणी लागणे, सर्वांची मर्जी राखताना स्वतःला काय हवे हेच न कळणे. वयात येताना शरीर बदलते, परीक्षा आणि मैत्री बेभरवशाची वाटते. अशा वेळी किती खायचे ही एकच गोष्ट आपल्या हाती आहे, असे काही मुलांना वाटू लागते. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख यांनी ‘द गोल्डन केज’ या १९७८ च्या पुस्तकात अशाच मुलींचे वर्णन केले. त्या सुस्थितीतल्या घरांतल्या, आज्ञाधारक, कधी उलट उत्तर न देणाऱ्या होत्या. अशा मुलींचे आपल्याकडे कौतुकच होते!

उपासमार करून घेण्याच्या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. अधाशासारखे खाऊन मग ओकून टाकण्याच्या आजाराला बुलिमिया नर्व्होसा. बालपणातील भावनिक छळ आणि हे आजार यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तरीही प्रत्येक आजारी मुलामागे कठोर आई-बाप शोधू नयेत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि प्रेमळ घरांतही हे आजार होतात. आधीच खचलेल्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा आणखी एक अन्याय ठरेल.

‘ही पाश्चात्त्यांची थेरे’ असे म्हणून विषय झटकणारेही आहेत. बाहेरून येणाऱ्या प्रतिमांचा परिणाम होतो, यात शंका नाही. फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली, तेव्हा वजन घटवण्यासाठी ओकारी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते. मात्र दूरचित्रवाणी संचाला दोष दिला म्हणून घराची झडती टळत नाही. आपल्याकडे तर या आजाराला उपवासाचा आडोसा मिळतो. मुलगी जेवली नाही की आजी म्हणते, ‘किती श्रद्धाळू हो पोर!’ व्रताला संकल्प असतो तसे पारणेही असते. जिच्या उपवासाला पारणे नाही, तिचे काय चालले आहे हे घरातल्यांनी विचारायला हवे.

पाळी थांबणे, चक्कर येणे, सतत थंडी वाजणे, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन दार लावणे ही लक्षणे दिसली, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब लावू नये. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते, म्हणून घरगुती जबरदस्तीही नको. एकोणिसाव्या शतकात या आजाराला नाव देणारे लंडनचे डॉक्टर विल्यम गल रुग्णाला नातलगांपासून दूर ठेवावे, अशा मताचे होते. त्याच लंडनमधील मॉड्सले रुग्णालयात १९८०च्या दशकात उलटी पद्धत आकाराला आली. आई-वडिलांना दोष न देता तेच उपचाराचे साथीदार मानले गेले. मुलाजवळ बसायचे, घास संपेपर्यंत थांबायचे, टोचून बोलायचे नाही, हे त्यांना शिकवले गेले. लहान वयात जडलेल्या आणि फार जुना न झालेल्या आजारात तिचा लाभ १९८७ च्या चाचणीत दिसून आला. भारतात ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते.